पदमसी, अकबर : कोळशाची रेखाटने

पदमसी, अकबर : (१२ एप्रिल १९२८–६ जानेवारी २०२०). आधुनिक भारतीय चित्रकार. तैलरंगातील शिरे व मानवाकृती, करड्या रंगातील भव्य चित्रे आणि ‘मेटास्केप’ या नावाने प्रसिद्ध असलेली निसर्गचित्रमाला यांमुळे ते मुख्यत्वे ओळखले जातात. तथापि कागदावर कोळशाने केलेली शिरांची व नग्नाकृतींची रेखाटने ही त्यांच्या कलाविचाराची सर्वांत निखळ अभिव्यक्ती होय. रंगाचे साहाय्य पूर्णतः वर्ज्य केल्यावर चित्रात काय उरते, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी या रेखाटनांतून शोधले. त्यांच्या तैलचित्रांची चर्चा पुष्कळ झाली. त्या मानाने ही रेखाटने पूर्वतयारीची वा दुय्यम समजली गेली. हा समज कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

जन्म मुंबई येथे एका व्यापारी खोजा कुटुंबात. मुंबईतील चकला स्ट्रीटवर त्यांच्या वडिलांचे दुकान होते. तेथील हिशेबाच्या वह्यांत द इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया या साप्ताहिकातील चित्रे उतरवून काढण्यापासून त्यांच्या चित्रकलेचा प्रारंभ झाला. पुढे त्यांनी सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण घेतले. तेथे त्यांना थेट तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला होता. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’चे ते संस्थापक-सदस्य नव्हते, परंतु फ्रान्सिस न्यूटन सोझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन प्रभृती चित्रकारांशी त्यांचा निकटचा संबंध होता. १९५१ मध्ये ते रझांच्या पाठोपाठ पॅरिसला गेले. तेथे कृष्णा रेड्डी यांच्यामुळे स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या ‘आतलिए १७’ या मुद्राचित्रणाच्या कार्यशाळेशी त्यांचा परिचय झाला. १९५२ मध्ये ज्युर्नाल द आर या फ्रेंच नियतकालिकाचे पारितोषिक त्यांना झां कार्झू यांच्याबरोबर विभागून मिळाले.

माध्यम व पूर्वपरंपरा : रेखाटनासाठी वापरला जाणारा कोळसा, ज्याला चित्रकार सर्रास चारकोल म्हणतात, हा वाळुंजासारख्या मऊ लाकडाच्या बारीक काड्या हवेचा संपर्क टाळून जाळल्याने तयार होतो. या काडीत चिकट द्रव्य नसते. त्यामुळे तिची भुकटी कागदाच्या खरखरीत पृष्ठावर केवळ अडकून राहते; बोटाने, कापडाने वा खोडरबराने ती सहज सरकते. हेच या माध्यमाचे वैगुण्य आणि हेच त्याचे सामर्थ्य. काडीचे टोक रेषा देते, तर तीच काडी आडवी धरून फिरविली असता छटेचा रुंद पट्टा मिळतो. म्हणजेच रेखन आणि रंगलेपन यांतील सीमारेषेवर कोळशाचे स्थान आहे. शिवाय पुसलेली रेषा समूळ नाहीशी होत नाही. तिची धूसर खूण मागे राहते. चित्रकाराच्या हाताने घेतलेले निर्णय, बदललेले बेत आणि सोडून दिलेल्या वाटा या सर्वांची नोंद कागदावर टिकून राहते. चित्र पूर्ण झाल्यावर भुकटी झडू नये म्हणून त्यावर राळयुक्त द्रवाचा फवारा मारावा लागतो.

भारतीय चित्रपरंपरेत काजळी व कोळसा यांचा उपयोग प्राचीन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात काजळ व शिजलेला भात एकत्र मळून चित्राच्या आरंभिक रेखनासाठी वर्तिका तयार करण्याची कृती सांगितली आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात आकाराला उठाव देण्याच्या क्रियेस ‘वर्तना’ असे म्हटले असून तिचे पत्रज, ऐरिक व बिंदुज असे तीन प्रकार दिले आहेत. पानावरील शिरांसारख्या रेषांनी, अतिसूक्ष्म छटेने वा ठिपक्यांनी अंग भरीव करणे, असा त्यांचा अर्थ सामान्यतः लावला जातो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील मुखांना व गात्रांना जी मृदू गोलाई आहे, ती या वर्तनेचीच होय. अजिंठ्याप्रमाणेच त्याच जिल्ह्यातील कन्नड तालुक्यात असलेल्या पितळखोरे लेण्यांतही रंगविलेल्या आकृतींचे अवशेष आढळतात. या परंपरेत छटा ही प्रकाशाच्या एका विशिष्ट उगमापासून येत नाही. ती आकाराच्या स्वतःच्या फुगीरपणातून येते.

याउलट एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कलाशाळेत रुजलेल्या पाश्चात्त्य पद्धतीत कोळसा व क्रेयॉन यांचे कार्य निराळे होते. ग्रीक-रोमन शिल्पांच्या प्लॅस्टरमधील प्रतिकृती समोर ठेवून, एका खिडकीतून येणारा प्रकाश आणि त्याने पडणारी छाया यांची काटेकोर नोंद करणे, हा विद्यार्थ्याचा प्राथमिक अभ्यास असे. १९२० च्या सुमारास ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी जिवंत व्यक्तीवरून नग्नाकृतीचे रेखाटन करण्याचा वर्ग तेथे सुरू केला. या शिक्षणक्रमात कोळसा हे साधन होते, साध्य नव्हे. रेखाटन म्हणजे चित्राची पायाभरणी. पाया दिसू नये अशीच अपेक्षा असे. पदमसींचा हात या शिस्तीत तयार झाला. मात्र पुढील आयुष्यात त्यांनी तिचा उपयोग तिच्याच गृहीतकांना प्रश्न विचारण्यासाठी केला.

करड्या रंगाची भूमिका : पदमसींच्या कोळशाच्या रेखाटनांचे मूळ १९५९–६० मधील त्यांच्या करड्या चित्रांत शोधावे लागते. या काळात त्यांनी रंग जवळजवळ त्यागून केवळ करड्याच्या विविध छटांत मोठाली चित्रे केली. ज्युहू, ग्रीक लँडस्केप यांसारखी ही चित्रे १९६० मध्ये मुंबईत बाल छाबडा यांच्या ‘गॅलरी ५९’मध्ये प्रदर्शित झाली. उजळ रंगांची उधळण ही समकालीन आधुनिकतेची जणू खूण ठरलेली असताना एका तरुण चित्रकाराने रंगाचा असा त्याग करावा, हे अनेकांना अनाकलनीय वाटले. ग्रीक लँडस्केप हे चित्र कृष्ण खन्ना या त्यांच्या चित्रकार मित्रानेच विकत घेतले होते. २०१६ मध्ये लिलावात त्याला १९ कोटी रुपयांहून अधिक किंमत आली.

करडा हा रंगाचा अभाव नसून छटांच्या परस्परसंबंधाचे क्षेत्र होय, हा या चित्रांचा आशय. कोणतीही छटा स्वयमेव गडद वा फिकट नसते. शेजारच्या छटेमुळे ती तशी ठरते. भाषेत एखाद्या ध्वनीला इतर ध्वनींपासूनच्या भेदामुळे मूल्य येते, तसाच हा प्रकार आहे. चित्रकला ही एक भाषा असून तिला स्वतःचे व्याकरण असते, असे पदमसी मानीत. पॉल क्ले याच्या लेखनाचा आणि संस्कृत ग्रंथांचा त्यांनी केलेला अभ्यास या धारणेस पोषक ठरला. करड्या तैलचित्रांतही रंगद्रव्याचा जाडपणा आणि सुरीचे फटकारे हे आकर्षण शिल्लक होते. कोळशाच्या रेखाटनात तेही गळून पडते. एका बाजूला कागदाचा पांढरेपणा आणि दुसऱ्या बाजूला कोळशाचा काळेपणा, या दोनच टोकांमध्ये संपूर्ण व्यवहार घडतो. त्या अर्थाने ही रेखाटने म्हणजे करड्या चित्रांनी मांडलेल्या सिद्धांताची कसोटी होय.

शिरे : पदमसींच्या शिरांना व्यक्तिचित्रे म्हणता येत नाही. कोणत्याही ओळखीच्या माणसाचा चेहरा त्यांत नसतो. पागोटे, टोपी, कुंकू, दागिना, पोशाख यांपैकी ज्या खुणांवरून भारतीय प्रेक्षक माणसाची जात, प्रांत व परिस्थिती क्षणात ताडतो, त्या सर्व खुणा येथे वगळलेल्या असतात. उरते ते कपाळ, डोळ्यांच्या खोबणी, नाकाचा उभा कणा, ओठांची मिटलेली रेषा आणि मानेवर तोललेले डोक्याचे वजन. डोळे बहुधा प्रेक्षकाकडे पाहत नाहीत. ते आत वळलेले किंवा छायेत बुडालेले असतात. या शिरांची रचना प्रथम बाह्यरेषा आणि नंतर छाया अशा क्रमाने झालेली नसते. काळ्या पुंजक्यातून हळूहळू उंचवटे वर येतात. एका कडेला बाह्यरेषा ठसठशीत असते, तर दुसऱ्या कडेला ती विरून जाते आणि शिर व पार्श्वभूमी एकमेकांत मिसळतात. १९८० नंतरच्या दशकात पदमसींनी ब्राँझमध्येही शिरे केली. त्या शिल्पांतील चाचपडून घडविलेल्या पृष्ठाचा प्रत्यय त्यांच्या कोळशाच्या शिरांतही येतो.

या संदर्भात सोझांच्या शिरांशी तुलना उद्‌बोधक ठरते. सोझांची रेषा आक्रमक आहे; ती चेहऱ्यावर ओरखडे काढते, डोळे कपाळात सरकवते, दात विचकते. तिच्यामागे समाजाविषयीचा, धर्मसत्तेविषयीचा संताप आहे. पदमसींच्या रेखाटनात संताप नाही; दुःख असले तरी त्याचा निर्देश कोणत्याही प्रसंगाकडे होत नाही. सोझांची शिरे पाहणाऱ्यावर आरोप करतात, पदमसींची शिरे त्याला गप्प करतात. आधुनिक भारतीय चित्रकलेतील मानवी मुखाच्या या दोन टोकाच्या शक्यता आहेत.

नग्नाकृती : पदमसींच्या नग्नाकृतींचा विचार एका जुन्या घटनेपासून करावा लागतो. १९५४ मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनात त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. त्यातील प्रणयी युगुलाच्या चित्रांवर पोलिसांनी आक्षेप घेतला. चित्रे हलविण्यास पदमसींनी नकार दिल्यावर त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यात ते निर्दोष सुटले. स्त्रीच्या वक्षावर ठेवलेला पुरुषाचा हात हा आक्षेपाचा विषय होता. वस्तुतः वेरूळच्या उमा-महेश्वर शिल्पांशी परिचित असलेल्या समाजाला अशी जवळीक नवी नव्हती. तरीही शिल्पात पूज्य मानलेला देह आधुनिक चित्रात येताच संशयास्पद ठरला. स्वातंत्र्योत्तर काळातील कलाविषयक स्वातंत्र्याच्या लढ्यात या खटल्याला महत्त्वाचे स्थान आहे.

या अनुभवानंतर पदमसींनी नग्नाकृती टाकली नाही आणि तिला चिथावणीचे साधनही बनविले नाही. उत्तरायुष्यात तर ती त्यांच्या कोळशाच्या रेखाटनांचा प्रमुख विषय बनली. या रेखाटनांतील स्त्री बहुधा एकटी असते. ती बसलेली, उभी किंवा पाठमोरी असते. तिच्याभोवती खोली नसते, पलंग नसतो, पडदा वा आरसा नसतो. युरोपीय नग्नचित्रपरंपरेत या वस्तू देहाला एक निमित्त पुरवितात; स्नान, निद्रा वा शृंगार अशी एखादी कथा त्याभोवती उभी राहते. पदमसी कथाच काढून घेतात. चेहरा अनेकदा वळलेला वा अस्फुट असतो. त्यामुळे भावदर्शनाचे काम खांदे, पाठ, कंबर व मांड्या यांच्या तोलावर येते. देहाचे वजन नेमके कोठे टेकले आहे, कोणता स्नायू ताणलेला आहे आणि कोणता सैल आहे, हे पाहणाऱ्याला आपल्याच शरीरात जाणवते.

तंत्रदृष्ट्या या आकृतींत दोन क्रिया एकाच वेळी चालू असतात. एक, शोधक रेषांची : एकाच खांद्याभोवती तीन-चार रेषा फिरतात आणि त्यांपैकी कोणतीही अंतिम ठरत नाही. दुसरी, चोळून पसरविलेल्या छटेची : ती या रेषांना बांधून घेते आणि आकृतीला घनता देते. रेषा आकाराविषयी शंका घेते, छटा त्याची ग्वाही देते. या ताणामुळे आकृती एका स्थितीत गोठत नाही. ती घडत असल्याचा भास होतो. प्रकाश बाहेरून एका दिशेने पडल्यासारखा दिसत नाही. कोऱ्या कागदाचा जो भाग कोळशाने झाकलेला नाही, तोच प्रकाश होय आणि तो देहाच्या आतून उमटल्यासारखा वाटतो. या ठिकाणी कलाशाळेत शिकविलेली खिडकीच्या उजेडाची पद्धत मागे पडते आणि अजिंठ्याच्या वर्तनेशी पदमसींचे नाते जुळते. हे नाते अनुकरणाचे नाही. अजिंठ्याची अलंकृत, लयबद्ध बाह्यरेषा येथे कोठेही नाही. साम्य आहे ते आकाराला प्रकाशाच्या अपघातापासून मुक्त ठेवण्याच्या तत्त्वात.

इतर माध्यमांशी संबंध : पदमसी एकाच माध्यमात स्थिरावले नाहीत. जवाहरलाल नेहरू अधिछात्रवृत्तीच्या साहाय्याने १९६९ च्या सुमारास त्यांनी मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केले. चित्रकार, चलच्चित्रकार व अन्य कलावंत यांनी एकत्र काम करावे, हा त्यामागील हेतू होता. नलिनी मलानी, नसरीन मोहमदी यांचाही त्याच्याशी संबंध आला. तेथे पदमसींनी सिझिजी (१९७०) हा रेषांच्या गणिती मांडणीवर आधारलेला लघुपट केला. ‘मेटास्केप’ मालेतील सूर्य व चंद्र ही काळाची दोन नियामक रूपे त्यांना कालिदासाच्या अभिज्ञानशाकुंतल या नाटकाच्या नांदीतून सुचली. पुढे संगणकावरील चित्रे आणि नग्नाकृतींची कृष्णधवल छायाचित्रे यांकडेही ते वळले.

या विविधतेत कोळशाचे स्थान मध्यवर्ती आहे. ‘मेटास्केप’मध्ये डोंगर, पाणी व आकाश यांचे प्रस्तर एकमेकांवर रचलेले असतात, तेथे कोणतेही विशिष्ट स्थळ नसते. नग्नाकृतीतही पाठीचा उतार, कमरेची घळ आणि नितंबाचा उंचवटा यांना भूप्रदेशासारखे व्यापक रूप लाभते. तेथे कोणतीही विशिष्ट स्त्री नसते. छायाचित्रांतून त्यांनी प्रकाशाचे प्रत्यक्ष वर्तन तपासले, तर रेखाटनातून त्याच प्रकाशाला नकार देता येतो का, हे पाहिले. सिझिजीमध्ये रेषा पूर्वनियोजित नियमाने चालते. कोळशात ती हाताच्या दाबाने, काडीच्या तुटण्याने व कागदाच्या पोताने चळते. नियम व चळणे या दोहोंचे त्यांना सारखेच आकर्षण होते.

मूल्यमापन : पदमसींच्या या रेखाटनांवर काही आक्षेप संभवतात. पहिला पुनरुक्तीचा. शिर व नग्नाकृती या दोनच विषयांभोवती ती दीर्घकाळ फिरत राहतात. सर्वच रेखाटने सारख्या तोलाची नाहीत. काहींत धूसरपणा शोधातून न येता सवयीतून आल्यासारखा वाटतो आणि हाताचे कौशल्य विचाराची जागा घेते. तथापि विषयाची पुनरावृत्ती ही केवळ दारिद्र्याची खूण नसते. रागदारी संगीतात तोच राग गायक आयुष्यभर गातो, तेव्हा श्रोता रागाचे नाव ऐकण्यासाठी येत नाही. पदमसींच्या बाबतीतही विषय हे निमित्त आहे; दर वेळी छटांचा नवा संबंध प्रस्थापित होतो की नाही, हा खरा निकष होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चेहरा नसलेली, नाव-गाव नसलेली स्त्री पुनःपुन्हा रेखाटणे म्हणजे तिला केवळ आकाराच्या पातळीवर आणणे नव्हे काय? पुरुष चित्रकाराच्या नजरेतील स्त्रीदेहाविषयी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे स्त्रीवादी चिंतन झाले, त्याच्या प्रकाशात हा प्रश्न टाळता येत नाही. पदमसींच्या पुरुष-शिरांनाही नाव-गाव नाही, हे त्यावरचे अंशतः उत्तर आहे. अनामिकता त्यांनी स्त्रीपुरतीच राखून ठेवलेली नाही. त्यांच्या स्त्री-आकृती प्रेक्षकाला आमंत्रण देत नाहीत, त्याच्यासाठी सजत नाहीत आणि आपल्याच भारात स्थिर असतात, हेही लक्षात घ्यावे लागते. तरीही समोर बसलेल्या जिवंत व्यक्तीचे व्यक्तित्व या प्रक्रियेत लुप्त होते, हे नाकारता येत नाही. सार्वत्रिकतेसाठी पदमसींनी दिलेली ही किंमत आहे आणि ती कमी नाही.

तिसरा आक्षेप त्यांच्या कलेच्या सामाजिक अलिप्ततेविषयीचा. त्यांच्या कागदावर मुंबईची गर्दी नाही, दंगल नाही, कामगार नाही. महात्मा गांधींच्या मुखावरील १९९७ मधील चित्रमाला हा एक उल्लेखनीय अपवाद. परंतु तेथेही प्रसंगापेक्षा मुखाची घडणच प्रधान आहे. मात्र ज्या समाजात माणसाची ओळख जन्माने व वेशाने प्रथम ठरते, तेथे या सर्व खुणा पुसून केवळ माणसाचे डोके कागदावर उभे करणे, ही कृती पूर्णतः अलिप्त म्हणता येत नाही. १९५४ साली न्यायालयापुढे ज्या देहाचा निवाडा झाला, तो देह पुढील काळात त्यांनी निमित्तावाचून आणि समर्थनावाचून, केवळ असण्याच्या अधिकाराने चितारला, हेही तितकेच महत्त्वाचे.

पदमसींना कालिदास सन्मान (१९९७), ललित कला रत्न (२००४) व पद्मभूषण (२०१०) हे सन्मान लाभले. कोईमतूर येथे त्यांचे निधन झाले. मोठ्या तैलचित्रांना लिलावात मिळणाऱ्या विक्रमी किमतींमुळे त्यांच्या कीर्तीचा झोत त्या चित्रांवरच राहिला. परंतु त्यांचा विचार पायरीपायरीने कसा घडला, हे कोळशाच्या रेखाटनांतच स्पष्ट दिसते. तैलचित्रात मागची चूक रंगाखाली झाकता येते. कोळशात ती राहते आणि आकृतीचाच भाग बनते. रेखाटन ही चित्राची पूर्वतयारी नसून स्वयंपूर्ण विचारपद्धती आहे, ही गोष्ट आधुनिक भारतीय कलेत ज्या थोड्या चित्रकारांनी सिद्ध केली, त्यांत अकबर पदमसी यांचे स्थान अग्रभागी आहे.